मंजुळाबाईंचा मोतिया शेला

१८ नोव्हेंबर

आज त्या बाईचा शेला माझ्या हातात आला.

दुपारी किंजल नेहमीसारखी पिशवी देऊन गेली. बोईसर स्टेशनजवळ तिचं दुकान आहे. रेशमी स्कार्फ, ओढण्या, शेले विकते. ज्यांच्या रेशमावर डाग पडतात ते तिच्याकडे आणून देतात, ती माझ्याकडे, आणि मी घरी धुते. आज पिशवीत दोन स्कार्फ होते, एकावर लिपस्टिक, एकावर अत्तराचा पिवळा गोल. तळाशी कागदात गुंडाळलेला मोतिया रंगाचा शेला. काठाला बारीक सोनेरी वेल. मधोमध रश्श्याचा डाग, तळहाताएवढा.

"हा नीट सांभाळून हां, वर्षाबेन," किंजल म्हणाली. "पालघरच्या मंजुळाबाईंचा आहे. त्यांच्या सासूबाईंचा जुना. केटररकडे जेवण चाखायला गेल्या आणि रस्सा सांडला. चौदा डिसेंबरला मुलाचं लग्न आहे, त्यात लागणार."

मी विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"भाग्येश."

तिला काही माहीत नाही. त्या बाईलाही माहीत नाही की किंजलचे कपडे कोण धुतं. मी मान हलवली आणि पिशवी आत ठेवली. 

राग जुना झाला की विरतो, म्हणून इथं पुन्हा लिहून ठेवते. ह्याच भाग्येशशी माझ्या मोनालीचा साखरपुडा झाला होता. मे महिन्यात दोन्ही घरं मिळून एडवणला समुद्रावर गेलो. तिथं मोनालीच्या गळ्यातला स्कार्फ सुटला आणि मानेवरचा पांढरा डाग त्या बाईला दिसला. कोड आहे तिला, शाळेत असल्यापासून, मानेवर मागच्या बाजूला तेवढंच. पिन मी स्वतः लावली होती, आतून, दोन ठिकाणी. वाऱ्यानं कशी सुटली देव जाणे.

तिथं ती बाई काही बोलली नाही. सगळ्यांबरोबर भेळ खाल्ली. मग त्याच आठवड्यात अंगठी परत घेऊन दारात आली. आत या म्हटलं तर आली नाही. जिन्यात शेजारीपाजारी उभे असताना म्हणाली, "डाग पडलेलं कापड दुकानदारसुद्धा बाजूला काढून ठेवतो. तुम्ही ते आमच्या गळ्यात घालत होतात."

नंतर नातेवाइकांत फोन करून सांगत बसली. दोन स्थळं त्यातच गेली.

आता तिचं कापड माझ्या घरात आहे. रेशीम कशानं जगतं आणि कशानं मरतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

२० नोव्हेंबर

डाग तसाच ठेवून "निघत नाही हो" असं सांगता आलं असतं. पण ते फार किरकोळ झालं असतं. तिनं दुसरा घेतला असता. आधी डाग काढायचा, शेला असा करायचा की बाईनं मिरवत अंगावर घ्यावा. मग मांडवात, चारचौघांत.

काल रात्रभर डागावर टाल्कम पावडर ठेवली होती, तेल ओढून घ्यायला. सकाळी मऊ ब्रशनं झटकली. थंड पाणी, त्यात दोन थेंब लहान मुलांचा शाम्पू. डागाखाली पांढरं फडकं ठेवून वरून बोटानं नुसतं दाबत गेले. घासलं की रेशमाचा जीव जातो, तिथं कायमची पांढुरकी रेघ उठते. हळद हट्टी असते. पाणी बदलत राहिले, मग थोडं व्हिनेगर घालून खंगाळला. टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं, पिळला नाही. शेवटी हळदीसाठी सकाळच्या कोवळ्या उन्हात जरा वेळ धरला आणि लगेच सावलीत घेतला. हळद उन्हाला घाबरते, पण रेशीमही घाबरतं, तेवढं बघावं लागतं.

डाग गेला. कुठं होता ते मलाही दाखवता येणार नाही.

आमचे हे पहिल्या पाळीहून आले, दोरीकडे बघून म्हणाले, "सुरेख आहे गं. कुणाचा?"

म्हटलं, "असाच कुणाचा तरी."

खंडेराव माणूस साधा. त्यांनी अंगठी परत घेतानासुद्धा त्या बाईला पाणी विचारलं होतं. त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

२३ नोव्हेंबर

काल मोनालीनं केस कापले. पार मानेपर्यंत, मुलासारखे. कंपनीतून परस्पर पार्लरला गेली. एवढे लांब, दाट केस. मी तेल लावून वाढवलेले, मान झाकली जावी म्हणून. दारात बघितलं आणि मला रडूच आलं. जन्माची विरक्ती आली पोरीला. ती म्हणाली, "आई, लॅबमध्ये टोपी घालावी लागते, उकडतं." मला कळत नाही होय? आईपासून दुःख लपवते.

हे सगळं त्या बाईनं केलं.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. जुन्या रेशमी ब्लाउजची एक पट्टी कापली आणि फरशीला वापरतो त्या ब्लीचच्या पाण्यात टाकली. जास्त घेतलं तर रेशीम पिवळं पडून विरघळतंच. कमी घेतलं तर दिसायला काही होत नाही. पट्टी वाळली, इस्त्री केली, चांगली चमकत होती. दोन्ही टोकं धरून जराशी ओढली. मधूनच सुटली, भिजलेल्या पापडासारखी.

किती वेळ त्या दोन तुकड्यांकडे बघत बसले होते.

२४ नोव्हेंबर

देवाला दिवा लावताना मनात आलं, हे पाप आहे का? मग आठवलं, जिन्यात कोण कोण उभं होतं.

२७ नोव्हेंबर

केलं.

पूर्ण शेला बुडवला नाही. मधला भाग आणि एक पदर. घड्याळाकडे बघत नव्हते, शेल्याकडे बघत होते. वाटलं तेव्हा काढला, भरपूर पाण्यात धुतला, वास जाईपर्यंत. ओलसर असताना उलट्या बाजूनं, मधे पातळ सुती कापड ठेवून इस्त्री केली. रंग आधीच मोतिया, जरासा फरक पडला असेल तो मला कळतो, तिला कळायचा नाही.

कधी कुणाचं कापड मी खराब केलं नव्हतं. किंजलकडे एवढे दिवस काम करते, एक तक्रार नाही. इस्त्री बंद केली आणि ब्लीचची बाटली मोरीत ठेवून आले. 

२८ नोव्हेंबर

किंजलनं शेला काउंटरवर उलगडला आणि गिऱ्हाइकांना हाक मारून दाखवला. "बघा, ही आमची वर्षाबेन. असा हात मुंबईत नाही मिळणार." मी हसले. तिनं हळुवार घडी घालून बटरपेपरात ठेवला. बरं झालं, हळुवार घातली.

आज पोटभर जेवले. मेपासून पहिल्यांदा.

२ डिसेंबर

रोज डोळ्यांसमोर आणते. हॉल भरलेला. बाई तोऱ्यात शेला सावरते, कुणाच्या तरी खुर्चीत पदर अडकतो, ती ओढते. मधोमध फाटतो. सगळे वळून बघतात. मग तिला कळेल, चारचौघांत उभं राहणं म्हणजे काय असतं.

मोनाली हल्ली गुणगुणत असते. परवा मैत्रिणींबरोबर डहाणूला जाऊन आली. ह्या वयात दुःख दाबून हसायचं म्हणजे किती त्रास. मी नवा निळा स्कार्फ आणून तिच्या पलंगावर ठेवला, आता केस नाहीत तर मान उघडी पडते म्हणून. आज सकाळी बघते तर तिनं त्यात डबा बांधून नेला.

५ डिसेंबर

किंजलकडे नवे कपडे आणायला गेले होते. ती सहज बोलली, मी सहज ऐकलं, आणि आता सहज काही राहिलं नाही.

"मंजुळाबाई काय खूश आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या लग्नात हाच शेला सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर घातला होता. आता त्या सुनेच्या खांद्यावर घालणार. ह्याच्याच पदराला भाग्येशच्या उपरण्याची गाठ बांधून सप्तपदी."

"म्हणजे त्या स्वतः नाही घालणार?"

"त्या कशाला घालतील, बेन? नवरीचा आहे."

घरी आले. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई गोजराबाई राहतात, मूळच्या मुरबे गावच्या. सगळ्या इमारतीत एकट्या त्यांनाच मी शेल्याचं सांगितलं होतं, आणि त्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या होत्या, "बरा केला. सोडू नको तिला." आज त्यांना म्हटलं, शेला नवरीच्या अंगावर जाणार आहे, गाठ त्यालाच बांधणार आहेत.

गोजराबाई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"सप्तपदीत फाटला तर?"

"फाटणारच."

"मग त्या पोरीचा काय?" त्या म्हणाल्या. "आमच्या मुरब्याला एक भाची हाय. मांडवात तिचा मंगळसूत्र तुटला. सोनारानं कडी नीट जोडली नव्हती, बाकी काय नाय. पुढं म्हैस मेली तरी तिच्यावर, सासरा पडला तरी तिच्यावर. आता म्हातारी झाली, तरी शुभकार्यात तिला पुढं घेत नाय."

मी त्यांच्यापुढची सालं गोळा करू लागले.

"तुला सासूला मारायचं हाय ना? हा वार तिच्यावर नाय पडत," म्हणाल्या आणि परत वाल सोलू लागल्या.

६ डिसेंबर

मला काय त्याचं? ती मुलगी माझी कोण? माझ्या मुलीच्या जागेवर बसतेय. तिच्या आईवडिलांना चौकशी करता आली नाही का, की आधीचं लग्न का मोडलं?

७ डिसेंबर

काहीच सुचत नाही. एका गिऱ्हाइकाच्या स्कार्फवरचा शाईचा डाग पसरवून बसले. असं कधी होत नाही.

ती मुलगी कशी असेल? किंजल म्हणाली, दुकानात आली होती, हळू आवाजात बोलते. कशाला सांगितलं मला तिनं हे.

८ डिसेंबर

आज रविवार, मोनाली घरी. मोरीत ब्लीचची बाटली आणि रेशमाच्या त्या पट्टीचा एक तुकडा तिच्या हाती लागला. लॅबमध्ये काम करते, तिला काय सांगावं लागतं? वास घेतला, पट्टी ओढून बघितली आणि स्वयंपाकघरात आली.

"आई, हे कशासाठी?"

मी सगळं सांगितलं. वाटलं होतं माझ्या गळ्यात पडेल. निदान तिला कळेल की तिच्यासाठी उभं राहणारं कुणीतरी आहे.

ती खुर्चीवर बसली.  मग म्हणाली, "एडवणला पिन मी काढली."

"काय?"

"वारा नव्हता त्या दिवशी. मी भाग्येशला साखरपुड्याआधीच सगळं सांगितलं होतं. मान दाखवली होती. तो म्हणाला, मला चालेल, आईला मी सांगतो, योग्य वेळ बघून. त्याची योग्य वेळ येईना. जन्मभर पिना लावून कोण फिरणार? म्हणून काढली."

 "म्हणजे लग्न तूच..."

"लग्न त्यानं मोडलं. त्याची आई अंगठी परत द्यायला आली तेव्हा तो खाली गाडीत बसून होता. मी आठवडाभर रडले, मग सुटल्यासारखं वाटलं. तू अजून रडतेस. मी हसले तरी तुला वाटतं रडतेय."

"तुझ्यासाठीच करतेय ना सगळं."

"मला स्कार्फ कोण बांधायचं, आई?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मंजुळाबाई बांधायच्या?"

 लोकांची नजर वाईट असते म्हणून बांधला. तिच्या भल्यासाठी. आईनं नाही बांधायचा तर कुणी? हे सगळं मी म्हटलं. ती उठली, पट्टी केरात टाकली आणि म्हणाली, "त्या मुलीचा विचार कर."

रात्रीपर्यंत दोघी दोन खोल्यांत होतो. खंडेरावांनी दोघींची ताटं वाढली.

९ डिसेंबर

पालघरला जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

त्यांच्या दारापुढं मांडवाचे बांबू पडलेले होते. दार भाग्येशनंच उघडलं. मला बघून बाजूला झाला, नमस्कारही सुचला नाही त्याला. मंजुळाबाई आतून आल्या, हाताला पीठ लागलेलं.

"तुम्ही?"

"तुमचा मोतिया शेला आणा. तो मी धुतलाय."

त्यांना दोन्ही गोष्टी एकदम कळेनात. पण आणला. बटरपेपर तसाच होता. मी म्हटलं, "मधे धरून ओढून बघा."

त्या ओढेनात. मग मीच दोन बोटांत धरला आणि ओढला. आवाजसुद्धा झाला नाही. शेला मधून उकलला आणि सोनेरी वेल दोन्हीकडं लोंबत राहिली.

बाई हळूच दिवाणावर टेकल्या. "सासूबाईंचा होता," एवढंच म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम. रश्श्याचा डाग आधी काढला, मग हे केलं."

"मग सांगायला का आलात?"

"तुमच्या सुनेसाठी. तुमच्यासाठी नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेपासून मी ह्याचीच वाट बघत होते. बघून घेतलं. जेवढं वाटलं होतं तेवढं काही नव्हतं त्यात. पिठाच्या हातानं डोळे पुसले त्यांनी, गालावर पांढरं लागलं.

निघताना मात्र राहवलं नाही. भाग्येश भिंतीला टेकून उभा होता. त्याला म्हटलं, "मोनालीनं तुला साखरपुड्याआधीच सांगितलं होतं ना?"

तो जमिनीकडे बघत राहिला.

"काय सांगितलं होतं?" मंजुळाबाईंनी विचारलं. मला नाही, त्याला. "भाग्येश, काय सांगितलं होतं?"

मी चपला घातल्या. फाटकापर्यंत ऐकू येत होतं, त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या. हे बोलायचं ठरवून गेले नव्हते. पण खरं लिहायचं तर परतताना रिक्षात तेवढंच गोड लागलं.

१० डिसेंबर

किंजल आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी तुमचं नाव गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायची." उरलेले कपडे न धुताच परत घेऊन गेली. मंजुळाबाईंना तिनं दुकानातला नवा शेला दिला, स्वतःच्या खिशातून.

मी तिला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

१२ डिसेंबर

धुवायला काही नाही. दोरी रिकामी. घरातले पडदे काढून धुतले.

१४ डिसेंबर

आज त्यांच्याकडे लग्न. मुहूर्त दुपारचा, हे मला पाठ आहे. मंजुळाबाईला मी माफ केलेलं नाही. गेले दोन दिवस करून बघितलं, होत नाही.

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी मंजुळा बोलतेय." मागं सनई, भांड्यांचा आवाज. "नवीन शेल्यावर कुंकवाची वाटी उलटली. मुलगी रडायला लागलीय. अपशकुन म्हणून बायका कुजबुजायला लागल्यात. किंजलला फोन केला तर म्हणाली, तुम्हालाच विचारा."

किंजलनं माझं नाव सांगितलं, हे ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "मोनालीला फोन करा. तिची माफी मागा. मागितली असं तिनं मला सांगितलं की मग मी सांगते."

फोन बंद झाला.

मी खिडकीशी बसले.  शेला फाटला त्यापेक्षा हे मोठं होतं. जिन्यात जे बोलली ते आता लग्नाच्या घरात, नटूनथटून, तिला गिळावं लागणार होतं.

मोनाली गच्चीवर घरचे कपडे वाळत घालत होती. थोड्या वेळानं खाली आली, हातात फोन, मान उघडी, ऊन लागून लाल झालेली.

"मंजुळाबाईंचा फोन होता."

"माफी मागितली?"

"सुरुवात करत होत्या. मी म्हटलं राहू द्या, डाग कशाचा आहे ते सांगा."

 एवढं हातात आलेलं पोरीनं सहज सोडून दिलं.

"आणि काय सांगितलंस?"

"तू करतेस तसंच. थंड पाणी, दोन थेंब शाम्पू, हलक्या हातानं दाबायचं."

"कुंकू कोरडं आहे का ओलं?"

"वाटीतलं आहे. कोरडंच असणार."

"अगं, कोरड्या कुंकवाला पाणी लावायला सांगितलंस? पाणी लागलं की सगळा शेला लाल होईल. आधी ते झटकून काढायचं असतं. पाणी शेवटी, तेही लागलंच तर."

"मग तू सांग."

"मी तिच्याशी बोलणार नाही."

मोनालीनं नंबर लावला आणि फोन माझ्यापुढं धरला. तिकडं वाजत होता. मी हात मागं घेतला. तिनं धरूनच ठेवला.

"हॅलो," मंजुळाबाईंचा आवाज आला. "हॅलो, मोनाली?"

"पाणी लावलं का अजून?" मी विचारलं.

तिकडं त्यांनी कुणाला तरी थांबवलं. मग म्हणाल्या, "नाही. आत्ता आणायला सांगितलंय."

"लावू नका. ओला हात कुणी लावायचा नाही. दोघींनी शेला दोन्ही टोकांनी ताणून उलटा धरा आणि मागून टिचक्या मारा, कुंकू आपोआप खाली पडेल. राहील त्यावर पावडर टाका, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झटका. आणि सुनेला आधी बाजूला बसवा. म्हणावं, काही झालेलं नाही. रडू नको. शेल्यावर डोळ्यांतलं पाणीसुद्धा पडता कामा नये."